देदेईचं कुलूप

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी जाग यायची ती बेसमेंटला. खालच्या शेगडीवर आमच्या भाडेकरू देदेईची आंबवलेल्या मक्याच्या पिठाची पेज रटरटायला लागायची, तिचा आंबूस वास जिन्यावरून वर यायचा, आणि त्याच्या मागोमाग तिचं आईशी फोनवरचं बोलणं. तिच्या गावी, आक्रात, तेव्हा दुपार व्हायला आलेली असायची. तिची आई तिथल्या किनाऱ्यावर मासळी धुरवून विकते. फोन कुठेतरी डब्यावर ठेवून ती हातातलं काम चालूच ठेवायची, त्यामुळे अख्खा बाजार आमच्या बेसमेंटमध्ये कलकलायचा. मला शब्द एक कळत नसे. पण कोण कोणाला रागावतंय ते बरोबर कळायचं.

त्या दिवशी रात्रभर बर्फ पडलेलं होतं. आमचे हे ड्राइव्ह-वे उपसून आत आले होते आणि नगरपालिकेच्या बर्फ लोटणाऱ्या नांगराने पुन्हा तोंडाशीच ढीग आणून टाकला म्हणून करवादत होते. मी कांदा चिरत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप, तीही मुठीने.

दारात एक उंच, पन्नाशीचा माणूस. अंगात कारखान्याचं पिवळंजर्द जाकीट, वर कोट नाही, त्या थंडीत.

"मिसेस सबनीस ना? मी डेल वाइडमन. देदेईचा सुपरवायझर. ती घरात आहे का?"

"आहे की. खाली आहे. काय झालं?"

"फोन सारखा एंगेज लागतोय. मला तिला डोळ्यांनी बघायचंय."

वाक्य विचित्र होतं, पण मला ते लगेच कळलं. आमच्या गावात इंजिनियरिंगची मुलं चार महिने वर्गात बसतात आणि चार महिने कुठल्यातरी कंपनीत नोकरी करतात. त्याला इथे को-ऑप म्हणतात. त्या नोकऱ्यांचे ठरावीक हप्ते पुरे केल्याशिवाय पदवी मिळत नाही. माझं बेसमेंट पंधरा वर्षं या मुलांच्या जिवावर भरतंय आणि रिकामं होतंय, त्यामुळे त्यांच्या कामाची भाषा मला अर्धीमुर्धी येते. देदेईची ती कंपनी रोबोट बसवून द्यायची. पावाचे ट्रे उचलून रचणारे, डबे रचणारे. प्रत्येक रोबोटला जाळीचा पिंजरा. आणि त्या पिंजऱ्यात पाऊल टाकायच्या आधी प्रत्येकाने आपलं स्वतःचं कुलूप बाहेरच्या मुख्य बटणाला लावायचं. लाल कुलूप, त्यावर आपलं नाव, आपला फोटो. किल्ली आपल्या खिशात. ते कुलूप आहे तोवर रोबोट हलू शकत नाही, आणि ते ज्याचं त्यानेच काढायचं. मालक जरी आला तरी त्याने हात लावायचा नाही. कोणी विसरून घरी गेलाच, तर त्याला गाठायचं, तो धडधाकट बाहेर आहे हे बघायचं, आणि मगच ते कापायचं.

पहिल्या आठवड्यात कुलूप मिळालं तेव्हा देदेईने ते मला आणून दाखवलं होतं. "बघा आंटी, पासपोर्टपेक्षा फोटो बरा आलाय."

मी जिन्यातून हाक मारली. ती वर आली ती डोक्याला टॉवेल, हातात पळी.

"डेल? तुम्ही? माझी शिफ्ट दहाची आहे ना आज?"

तिला बघून डेलचे खांदे एकदम खाली आले. हसलाच तो. "आहेस बाई तू! अगं, तुझं कुलूप चार नंबरवर लटकतंय. काल काढायचं विसरलीस. गिऱ्हाइकाची माणसं आलीत चाचणी बघायला, तिसरी कॉफी झाली त्यांची. ब्रेंट हातात लोखंड कापायची कातर घेऊन उभा आहे." आणि त्याने फोन कानाला लावला. "ब्रेंट, समोर उभी आहे माझ्या. हातात पळी आहे तिच्या, आणखी काय पुरावा पाहिजे? आत नजर टाकलीस ना? कोणी नाही? मग काप आणि कर सुरू."

"नाही!"

पळीतली पेज माझ्या गालिचावर सांडली. इतकी किंचाळली ती.

"कापू नका! डेल, कापू देऊ नका! कोल आत असेल!"

"कोल? तो कुठला यायला एवढ्यात—"

"कुलूप मी त्याला दिलंय. काल. त्याचं हरवलं होतं. डेल, सांगा ना त्याला!"

डेलच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलंही नव्हतं. तसाच तो फोनमध्ये म्हणाला, "ब्रेंट, थांब. हात काढ तिथून. कोलला हाक मार." फोन त्याने स्पीकरवर टाकला. कशासाठी, कुणास ठाऊक. त्याला एकट्याला ऐकवलं नसेल.

आम्ही चौघं आमच्या त्या अरुंद पॅसेजमध्ये उभे. ह्यांच्या बुटांवरचं बर्फ वितळून चटईवर टपटपत होतं. फोनमधून लोखंड लोखंडावर ठेवल्याचा आवाज आला. मग ब्रेंटच्या हाका. एक, आणखी एक. कोणी ओ देईना. मग जाळीचं दार उघडल्याची करकर, आणि बऱ्याच वेळाने ब्रेंटचा आवाज, लहान मुलासारखा बारीक झालेला.

"आहे. आहे इथे. ट्रेच्या सरकत्या पट्ट्याखाली उताणा पडून काम करतोय. कानात गाणी घातलीयेत गाढवाने."

डेल आमच्या जिन्याच्या पायरीवर बसला. टोपी काढली. मी पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरला. देदेईकडे बघून म्हणाला, "मुली, आज तू नसतीस तर मी... मी हे विसरायचो नाही."

आमचे हे हळूच मला म्हणाले, "पोरीने जीव वाचवला गं एकाचा." आणि मला खरंच वाटलं, की आज तिला कंपनीत खांद्यावर घेतील. संध्याकाळी गोड काय करावं याचा विचारसुद्धा मी करून ठेवला होता.

दुपारीच ती परत आली. डेलच तिला सोडून गेला, पण तो गाडीतून उतरला नाही. तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात तिचा कप, स्टीलच्या टोपीचे बूट, आणि चटणीची बाटली, काळी, सुक्या मासळीची, जी ती डब्यातल्या सगळ्यावर घालून खायची.

"आंटी," ती म्हणाली, "कुलूप उसनं दिलं की काढून टाकतात. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मला माहीत होतं."

"आणि तो?"

"त्याला दोन दिवस विश्रांती दिलीय. धक्का बसलाय ना त्याला."

ही देदेई क्वार्टे. त्यांच्या गा लोकांत पहिल्या मुलीचं नाव ठरलेलं असतं, म्हणून देदेई. मागे दोन बहिणी, एक भाऊ. वडील तेमा बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. ही शाळा सुटली की त्यांच्याकडे. आईला वाटायचं हिने मासळीला बसावं, वडिलांना वाटायचं बसू दे इथेच, निदान पाना तरी हातात देते. एकदा मला म्हणाली होती, "बाबा पंख्याला हात लावायच्या आधी इंजिनचा प्लग काढायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. कोणी चुकून दोरी ओढली तरी इंजिन चालू होता कामा नये. मी विचारलं, माझ्या खिशात ठेवू का? तर टपली मारली. म्हणाले, हात कोणाचा आत आहे? ज्याचा हात, त्याचा खिसा."

म्हणजे जे लाल कुलूप इथल्या पोरांना वर्गात शिकवून, चित्रं दाखवून, परीक्षा घेऊन समजवावं लागतं, ते ती टपली खाऊन शिकलेली होती. आणि तिनेच ते दिलं. हे तिला कसं विसरता येईल? मलाही येत नाही.

का दिलं, तर गाडीपायी. ती कंपनी गावाबाहेर, रुळांपलीकडे. बस तिथपर्यंत जात नाही. शेवटच्या थांब्यापासून बर्फातून भलं लांब चालायचं. कोल तिच्याच वर्गातला, इथल्याच मातीतला, कंपनीत तिच्या बरोबरीचाच. पहिल्या आठवड्यात त्याने तिला रस्त्याच्या कडेने चालताना पाहिलं आणि गाडी थांबवली. तेव्हापासून तो तिला रोज न्यायचा, आणायचा. पोरगा वाईट नव्हता हो. आमच्या दारात हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही, शेजारी झोपलेले असतील म्हणून. बाकी सगळी कंपनी तिला डीडी म्हणायची. त्याने मात्र विचारून घेतलं होतं, नक्की कसं म्हणायचं गं.

त्याचं कुलूप एकदा हरवलं होतं आणि बोलणी खाल्ली होती. दुसऱ्यांदा हरवलं. त्या संध्याकाळी गाडीत तो तिला म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे, खुंटीवरचं तुझं घेऊ दे ना. तू आलीस की काढ." तसलं कुलूप दाबलं की लागतं, लावायला किल्ली लागत नाही. ती मला नंतर म्हणाली, "आंटी, दोन महिने हा मला फुकट नेतोय. एक दिवस पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. त्याला कुलपाला नाही म्हणू? कुठल्या तोंडाने?"

त्याने ट्रेच्या पट्ट्याचं माप चुकवलं होतं आणि गिऱ्हाईक यायच्या आत, कोणाच्या लक्षात न येता ते सुधारायचं होतं. म्हणून तो उजाडायच्या आधी एकटाच गेला, गाडी मागच्या बाजूला लावली, तिचं कुलूप दाबलं आणि आत शिरला. किल्ली तिच्याकडे. दहाला ती येईल आणि काढेल, असा त्याचा हिशेब. कोणाला काही विचारायला नको, सांगायला नको.

मला राग या हिशेबाचाही नाही. वीस-एकवीसचं वय ते. माझा राग पुढच्याचा आहे.

चार दिवसांनी विद्यापीठाच्या को-ऑप कचेरीत तिला बोलावलं. मी बरोबर गेले. तिथे सल्लागार म्हणून एक जोआन नावाची बाई होती. चांगली होती बिचारी. तिच्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता, तो तिने आम्ही बसायच्या आधीच आमच्याकडे सरकवला. त्यावरूनच मी ओळखलं.

"देदेई, कंपनीने तुला काढलं म्हणजे ही कामाची टर्म नापास धरली जाते," जोआन म्हणाली. "आणि काढलेल्या मुलीला पुढच्या फेरीत आमच्यामार्फत मुलाखती देता येत नाहीत. नोकरी तुझी तुला शोधावी लागेल. नाही मिळाली, तर पदवी एक वर्ष पुढे."

"आणि त्या वर्षाची परवानगी? मी बाहेरदेशची आहे. माझ्या कागदावर तारीख आहे."

"ते खातं वेगळं. त्यांना भेटावं लागेल."

मी मध्ये पडले. "अहो, पण हिने त्या मुलाचा जीव वाचवला! ही गप्प बसली असती तर हिच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं. तो मेला असता, आणि ही फक्त कुलूप विसरली होती असं सगळे म्हणाले असते!"

"मला माहीत आहे, मिसेस सबनीस."

"मग तो मुलगा? त्याने ते मागितलं. वापरलं. त्याला का ठेवलं?"

जोआनने दाराकडे बघितलं. दार लावलेलंच होतं. "मी हे बोललेच नाही असं समजा," ती म्हणाली. "तो मरता मरता वाचलाय. त्याला काढलं तर त्याचे आईवडील वकिलाकडे जातील. कंपनी म्हणाली, त्याला पुरेशी शिक्षा झालीय."

देदेई हसली. मोठ्याने नाही. "आणि माझी आई मासळी सोडून कुठल्या वकिलाकडे जाणार, असंच ना?"

 जोआनने रुमालांचा डबा आणखी थोडा पुढे सरकवला.

परतताना बसमध्ये देदेई म्हणाली, "आंटी, बाई रडू देते चांगलं. पण मला रडायचं नव्हतं, मला टर्म पाहिजे होती."

कोल एकदा आला. मार्च उजाडला होता, बर्फाचं काळं राबडं झालं होतं. दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. तिच्या हातात एक पाकीट दिलं आणि म्हणाला, "मी डेलला म्हटलं होतं की मी मागितलं होतं तुझ्याकडे. खरंच म्हटलं होतं."

"मग?"

"ते म्हणाले, तू विश्रांती घे."

"आणि तू घेतलीस."

त्याचे कान लाल झाले. "मी काय करू, देदेई? सांग ना."

"गाडी हळू चालव," ती म्हणाली. "रस्ता निसरडा आहे."

पाकिटात आभाराचं कार्ड होतं आणि कॉफीच्या दुकानाचं भेटकार्ड. इथली रीतच आहे ती. शाळेच्या बाईंना, बस चालवणाऱ्याला, शेजाऱ्याने मांजर सांभाळलं तर त्याला. देदेईने ते उलटंसुलटं करून बघितलं.

"आंटी, माणसाचा जीव म्हणजे साधारण बारा कॉफ्या. मोठ्या कपातल्या."

आमचे हे हसले. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "हसायला नको होतं मी."

तो सगळा वसंत तिने नोकरी शोधण्यात घातला. सकाळचा आईचा फोन मात्र तसाच. पूर्वीच्याच वेळी उठायची, पेज करायची, कपडे करून कॅमेऱ्यासमोर बसायची. मला भाषा कळत नसली तरी खोटं बोलणं कळतं. आवाज एक पट्टी वर जातो. एकदा न राहवून विचारलं.

"आईला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? की बाबांनी टपली मारून शिकवलेलं मी विसरले? बाबा बाजूलाच बसलेले असतात, आंटी. गुडघ्यांनी आता बंदरावर जाववत नाही. रोज विचारतात, आज रोबोटने काय उचललं? मी सांगते, आज पाव उचलले, आज साबणाची खोकी उचलली. ते शेजाऱ्यांना सांगतात."

मुलाखती झाल्या. तिला प्रश्न ठरलेला: आधीच्या ठिकाणाहून मध्येच का निघालात? ती खरं सांगायची. मी म्हटलं, अगं, थोडं गोलगोल सांग. तर म्हणाली, "एकदा कुलपाच्या बाबतीत सोपा रस्ता घेतला ना, पुरे."

मेच्या पहिल्या आठवड्यात एका ठिकाणी बोलणं चांगलं रंगलं. रोबोटच्या हाताचं चित्र काढून तिने त्यांना त्यांचीच चूक दाखवली होती म्हणे, आणि ते खूश झाले होते. मग तिने निघाल्याचं कारण सांगितलं, आणि मुलाखत घेणारा माणूस मागे रेलला.

"थांबा, थांबा. ते कुलूप तुमचं होतं?"

ती घरी आली ती पायांतले बूट न काढताच पायरीवर बसली. ज्या पायरीवर डेल बसला होता, त्याच.

"आंटी, माझी गोष्ट झालीय," ती म्हणाली. "डेल सांगतो ती. दर चार महिन्यांनी नवी मुलं येतात ना, त्यांना पहिल्या दिवशी. सगळ्या कंपन्यांचे सुरक्षेवाले महिन्याला एकत्र बसतात, तिथेही सांगितलीय. गावभर माहीत आहे. 'डीडीचं कुलूप' म्हणतात तिला."

"मग त्यात तू कोलला वाचवलंस तेही असेल की."

"मी त्या माणसाला तेच विचारलं. तो म्हणाला, नाही बुवा, त्यात तर सुपरवायझरला ऐनवेळी शंका येते आणि तो थांबवतो." बुटाची नाडी सोडवता सोडवता ती थांबली. "माझी चूक तेवढी माझ्या नावावर आहे. बाकीचं डेलच्या."

त्या नोकरीचा नकार दुसऱ्या दिवशी आला. अगदी गोड भाषेत.

मे महिना सरत आला होता. शनिवारी सकाळी मी तिला बळेच बाजारात नेलं. बाजार म्हणजे आमचा शेतकऱ्यांचा, गावाबाहेरचा, जिथे घोडागाड्यांतून जुन्या रीतीने राहणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या बायका रुबार्बचे आंबट देठ आणि जाम घेऊन येतात. तिला तिथे एक धुरवलेल्या माशाचं दुकान आवडायचं. दर वेळी चाखून बघायची आणि दर वेळी म्हणायची, "आईला दाखवला ना, तर दुकानदाराला घरी पाठवेल शिकायला." त्या दिवशी चाखून नुसती पुढे निघाली. आठवड्याभरात ती त्या परवानगीच्या खात्याला भेटणार होती आणि तिला उत्तर साधारण माहीत होतं.

सफरचंदाचे तळलेले वडे मिळतात तिथे लांब रांग असते. त्या रांगेत डेल उभा होता. साधा शर्ट, बरोबर बायको. त्याने आम्हाला बघितलं आणि मला वाटलं, आता मान फिरवेल. पण नाही, हात वर केला त्याने.

"डीडी! अगं, कशी आहेस? ही माझी बायको, लोरेन. लोरेन, हीच ती डीडी."

"अच्छा, कुलूपवाली!" लोरेन म्हणाली. अगदी आपुलकीने म्हणाली हो. तेच तर.

माझ्या हातातली पिशवी मी घट्ट धरली. ओठांवर आलं होतं, की काय हो, विसरणार नव्हतात ना तुम्ही? पण देदेईने माझ्या कोपराला हलकेच हात लावला.

"बरी आहे, डेल. नोकरी शोधतेय."

"मिळेल, मिळेल. हुशार आहेस तू. मी सगळ्यांना सांगतो." त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, ते दिसत होतं. "आणि एक सांगू? तुझ्यामुळे किती मुलं सावध होतात! या वेळी बारा आलीत, त्यांतली पाच बाहेरदेशची. मी गोष्ट सांगितली की टाचणी पडली तरी ऐकू येते. एकाचं कुलूप हरवलं, तर सरळ माझ्याकडे आला बघ, भीत भीत. म्हणजे उपयोग झाला की नाही?"

"झाला," देदेई म्हणाली. "कशी सांगता तुम्ही?"

"म्हणजे?"

"गोष्ट. मला ऐकायचीय. मी कधी ऐकली नाही."

लोरेनने त्याच्याकडे बघितलं. रांग एक माणूस पुढे सरकली, डेल सरकला नाही. मग तो सांगायला लागला. सुरुवातीला अडखळत, मग सवयीने आवाज सुटला. एक मुलगी होती, हुशार, मनाने चांगली. मित्राने कुलूप मागितलं, तिने दिलं. सकाळी कुलपावर तिचं नाव, आणि आत तो. गिऱ्हाईक वाट बघतंय. सुपरवायझर तिच्या घरी जातो, ती समोर उभी. सगळ्यांना वाटतं, झालं, सुटलो. ब्रेंट कातर लावतो. "आणि तेवढ्यात," डेल म्हणाला, आणि तिथे तो बहुधा दर वेळी थांबत असावा, कारण त्याने बोटही वर केलं होतं, "तेवढ्यात माझ्या मनात कसली तरी पाल चुकचुकली आणि मी म्हटलं, ब्रेंट, थांब."

बोट तसंच वर राहिलं. तो देदेईकडे बघत होता, आणि मला वाटतं, स्वतःचे शब्द त्याने पहिल्यांदाच तेव्हा ऐकले. मान खालून वर लाल होत गेली.

"म्हणजे, मुलांना पटकन कळावं म्हणून..." तो म्हणाला. "सगळा तपशील सांगत बसलो तर..."

"हो," देदेई म्हणाली.

मागचा माणूस म्हणाला, "रांगेत आहात की नाही?" लोरेनने नवऱ्याच्या दंडावरचा आपला हात काढून घेतला होता.

मला वाटलं, आता ही टर्म मागेल. एक शिफारस मागेल. विद्यापीठात एक फोन कर म्हणेल. तो त्या क्षणी काहीही द्यायला तयार झाला असता, मला दिसत होतं, आणि मी मनातल्या मनात तिला सांगत होते, माग गं, माग. पण तिने दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले.

"डेल, गोष्ट सांगायची थांबवू नका," ती म्हणाली. "माझं नाव घेऊनच सांगा. चूक माझी होती, तेही सांगा. फक्त पुढच्या वेळी एवढं म्हणा, की 'कापू नका' असं मी म्हणाले."